उतावळे कंस

सकाळी सांगलीच्या ऑफिसात पेढे आले आणि राजसी एकदम सावध झाली.

पेढे आवटीसरांनी मागवले होते. ते कंपनीचे मालक; आनंद झाला की त्यांना पेढे सुचायचे आणि संकट आलं की मीटिंग. त्यांच्या पाठीमागच्या पडद्यावर नकाशा होता आणि नकाशावर कोल्हापूर, कराड, वाई असे हिरवे ठिपके लुकलुकत होते. एक ठिपका म्हणजे एक वाचलेला जीव.

“एका सकाळीत अकरा!” आवटीसर म्हणाले. “आपल्या ‘राखण’नं अकरा माणसं मरणाच्या दारातून ओढून आणली. घ्या, तोंड गोड करा.”

सगळ्यांनी केलं. राजसी मगदूम तेवढी पेढा हातात धरून नकाशाकडे बघत राहिली. एरवी महिन्यातून एखादा ठिपका उगवायचा. आज हे एकदम कसे उगवले? माणसांच्या मेंदूतल्या शिरा काय एकमेकींना फोन करून फुटतात?

राखण म्हणजे गळ्याखालच्या हाडापाशी कातडीत बसवलेली, चिंचोक्याएवढी चकती. मेंदूतल्या एखाद्या रक्तवाहिनीला फुगा आलेला असतो, अशा माणसांसाठी ती होती. फुगा फुटला तर पुष्कळदा माणूस दवाखान्यापर्यंत पोचतच नाही; प्राणवायूवाचून मेंदू काही मिनिटांत मरतो. यावरचा उपाय सापडला तो बर्फाळ मुलखातल्या खारींमध्ये. त्या खारी हिवाळाभर झोपतात. अंग थंडगार, काळीज मिनिटाला चार-दोनदा हलणार, आणि तरी उन्हं तापली की त्या टुणकन उठतात, कारण त्यांच्या पेशींची भूकच तेवढ्यापुरती मेलेली असते. ती भूक मारणारा रेणू माणसाला सोसेल असा बनवता आला आणि चकतीतल्या कुपीत भरता आला. रक्तस्रावाची खूण मिळाली की कुपी फुटायची आणि माणूस असेल तिथं थंड झोपेत जायचा. दवाखाना गाठायला तास मिळायचे. मात्र या झोपेतून कुणी आपणहून उठत नाही. सावकाश ऊब देणारं यंत्र लागतं आणि ते वेळेत लागतं, नाहीतर माणूस झोपेतच संपतो. सांगलीत अशी ऊबयंत्रं दोन होती.

राजसीच्या वडिलांच्या, अप्पांच्या, गळ्याखालीही एक चकती होती. त्यांना ती नको होती. “मला माझं निवांत मरू दे की गं,” असं ते म्हणत होते. एकुलत्या एक लेकीनं रडून, रुसून, दोन दिवस जेवण टाकून ती बसवून घ्यायला लावली होती.

तिनं पेढा कागदावर ठेवला, जागेवर जाऊन बसली आणि काल पाठवलेली राखणची नवी आवृत्ती उघडली. प्रोग्रॅम आता माणसं फारसं लिहीत नसत. यंत्रं लिहायची आणि माणसं मान डोलवायची. वाचता येणारे थोडे उरले होते, त्यांत राजसी एक. जिवाशी संबंध असलेला प्रोग्रॅम इथल्या भाषेत वाचता आला पाहिजे, असा कायदा झाल्यापासून नावं तरी मराठी असत. भाषा मात्र तीच जुनी जावास्क्रिप्ट. ही आता मेली, असं लोक वर्षानुवर्षं म्हणत होते आणि ती खाष्ट सासूसारखी सगळ्यांना पुरून उरली होती.

ओळ सापडायला वेळ लागला नाही.

राखण.रक्तस्रावझाल्यावर(झोपव());

राजसीनं ती पुन्हा एकदा वाचली.

या भाषेत एखादं काम दुसऱ्याच्या हवाली करून ठेवता येतं: अमुक झालं की हे कर. ‘झोपव’ हे त्या कामाचं नाव. नुसतं नाव दिलं तर चकती ते जपून ठेवते आणि वेळ आली की ते काम करते. पण नावापुढे रिकामे दोन कंस आले की ते नुसतं नाव राहत नाही, हुकूम होतो. आत्ता कर, या क्षणी कर. शेजारणीला किल्ली देऊन ‘नळाला पाणी आलं की मोटार लावा’ असं सांगायचं सोडून, आपणच कोरड्या नळावर मोटार लावावी आणि शेजारणीच्या हातात काहीच देऊ नये, तसा तो प्रकार. मोटारही जळते आणि पाणी येतं तेव्हा लावायला कुणी नसतं.

नवशिक्यांना हे शिकवताना ती नेहमी म्हणायची, कंसाला कंस उगाच नाही म्हणत. आठवा तुला मारील एवढं ऐकलं आणि यानं पहिल्यापासूनच हात चालवला. पोरं हसायची, पण विसरायची नाहीत.

म्हणजे ही आवृत्ती चकतीत शिरली की पहिलं काम कुपी फोडण्याचं करणार होती. धडधाकट माणूस चालता-बोलता झोपणार होता. आणि कुपी फुटली म्हणजे जीव वाचला, असं पडद्याला शिकवलेलं असल्यामुळे तो बिचारा हिरवे ठिपके काढत बसला होता.

शेजारच्या टेबलावर निनाद बसला होता. निनाद चौगुले, तिचा नवरा; लग्नाला दोन वर्षं झाली होती. तिनं पडदा त्याच्याकडे वळवला.

“ही ओळ कुणाची?”

त्यानं वाचली आणि त्याचा चेहरा पांढराफटक झाला. “कंस चाचणीसाठी घातले होते गं. खरा रक्तस्राव व्हायची वाट किती बघणार? म्हटलं, आत्ताच चालवून बघू, कुपी फुटतीय का. मग काढायचे...”

“काढलेस?”

त्यानं पडद्यावरच्या त्या दोन कंसांवर बोट ठेवलं.

लग्नात बायकांनी त्याला ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ म्हणून भरपूर चिडवलं होतं आणि राजसीलाही तेव्हा ते गोड वाटलं होतं. आत्ता तिला त्याचा इतका राग आला की हात उगारावासा वाटला.

“सांगली-तासगावकडे कधी जाणार आहे ही?”

“गेली. पहाटेच फोनवर उतरली सगळ्यांच्या.”

नवी आवृत्ती चकतीत थेट जात नसे. ती आधी फोनवर उतरायची आणि तो फोन चकतीपासून चार-पाच हातांवर आला की दोन-तीन श्वासांत आत शिरायची. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्या मनात एकच नाव आलं.

“अप्पा आत्ता विहिरीत असतील,” राजसी म्हणाली. “बायकांना पोहायला शिकवतायत. फोन सदऱ्यात, सदरा लिंबाच्या फांदीवर. पाण्यात आहेत तोवर ठीक, पाण्यातून लहरी जात नाहीत. वर आले की आधी सदरा घालतात, निनाद! त्या पायऱ्यांवर उभे राहून घालतात!”

तिनं फोन लावला. वाजत राहिला. फांदीवर वाजत असणार आणि विहिरीत कुणाला ऐकू जात नसणार.

“मी येतो,” निनाद उठला.

“तू नाही. आग तू लावलीस, तू विझव. सरांना सांग, पुढं कुठंही जाऊ देऊ नको. मी मळ्यावर जाते.”

तासगावच्या रस्त्यावर गाडी तिनं कशी हाणली ते तिचं तिला माहीत. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा ओक्याबोक्या, छाटणी झालेल्या, ऊन रणरणतं. एका फाट्यावर गर्दी दिसली. बसथांब्याच्या सावलीत एक माणूस आडवा पडला होता आणि कुणीतरी कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला होता. त्याच्या गळ्याखाली चिंचोक्याएवढा उंचवटा होता. एक बाई ऊर बडवून रडत होती.

राजसीनं काच खाली केली. “मेला नाही तो! सांगलीला न्या, ऊबयंत्रावर! आत्ताच्या आत्ता न्या!”

“तुम्ही कोण डॉक्टर का?” एकानं विचारलं. “मग थांबा की जरा!”

ती थांबली नाही. आरशात ती बाई हात जोडून गाडीमागं दोन पावलं धावलेली दिसली. राजसीला स्वतःची किळस आली, पण पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला नाही. बाप एकच होता.

मळ्यापाशी गाडी बांधावर सोडून ती पळत सुटली. विहीर जुनी, काळ्या दगडाची, आत उतरायला एका अंगानं पायऱ्या. मागच्या महापुरात गल्लीतल्या बायका माडीवर अडकल्या होत्या आणि एकीलाही पोहता येत नव्हतं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात अप्पा त्यांना शिकवत. पाच-सहा जणी पंजाबी ड्रेसवर पाठीला तेलाचे रिकामे डबे बांधून पाण्यात हातपाय मारत होत्या.

“छबूताई, डबा सोडा आता!” अप्पांचा आवाज विहिरीत घुमत होता. “पूर आल्यावर काय डबा शोधत फिरणार हाईसा?”

“सोडतो की! पर तुमी धरा, अप्पा!” छबूताई कडेचा दगड घट्ट धरून ओरडत होत्या. त्या अप्पांच्या शेजारच्या, अंगानं भरलेल्या आणि पाण्याला मांजरासारख्या भिणाऱ्या.

अप्पा गळ्यापर्यंत पाण्यात होते. पांढरे केस डोक्याला चिकटलेले, चेहरा हसरा. ते जिवंत आहेत हे बघून राजसी धावायची थांबली. ती काठावर टेकली आणि खाली वाकून म्हणाली, “अप्पा, वर येऊ नका!”

“का गं? आन् तू कामावर न्हाई गेलीस?”

तिच्या हातातला फोन थरथरला. तिनं सहज पाहिलं. पडद्यावर अक्षरं होती: ‘अप्पांची राखण शोधत आहे.’

एक क्षण तिला कळलंच नाही. मग कळलं. आवृत्ती पेशंटच्याच फोनवर उतरते असं थोडंच होतं? घरच्या सगळ्यांच्या फोनवर उतरते. पेशंट फोन विसरला तरी लेकीच्या फोनवरून, जावयाच्या फोनवरून पोचावी, म्हणून तशी सोय केलेली. ती ज्या मरणाला अडवायला आली होती, ते तिच्याच मुठीत बसून आलं होतं.

ती किंचाळून मागं झाली. फांदीवरचा सदरा तिनं ओढून काढला, त्याच्या खिशात अप्पांचा फोन होताच, आणि दोन्ही फोन घेऊन ती बांधाकडे धावत सुटली. “पाण्यातच थांबा! मी येईपर्यंत पाण्यातच थांबा!”

“अगं, सदरा कुठं पळवतीस माझा?”

“लेक आली आन् बापाचा सदरा घिऊन पळाली,” छबूताई म्हणाल्या. “ही कुठली तऱ्हा म्हणायची!” विहिरीत हशा पिकला. त्यांचं काय चुकलं? राजसीनं दुसऱ्या कुणाला तसं पळताना पाहिलं असतं तर तीही हसली असती.

गाडीपाशी पोचल्यावर तिनं सदरा आत टाकला आणि स्वतःचा फोन पाहिला. निनादचा निरोप येऊन पडला होता. ‘थांबवलं. सर्व्हरवरून आवृत्ती काढली, म्हणजे फोनांवरूनही गेली. कंस काढून नीट करून ठेवलंय, तपासून मगच सोडू. आता भीती नाही.’

भीती नाही! सर्व्हरवरून काढली म्हणजे पुढं जाणार नाही, एवढंच. जी फोनांमध्ये उतरून बसली होती, ती तशीच बसली होती. प्रत्येक घरात, प्रत्येक खिशात. फोन लांब ठेवायला सांगायला हवं होतं, सगळ्यांना, आत्ता. तिनं निनादला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. तो उचलत नव्हता.

तिनं ऑफिसात लावला. “निनाद कुठंय?”

“मॅडम, ते मघाशीच मोटरसायकल काढून गेले,” पलीकडची मुलगी म्हणाली. “सासऱ्यांकडे जातो म्हणाले. फार घाबरले होते.”

“सरांना सांग, सगळ्यांना कळवायला लाव, फोन पेशंटपासून लांब ठेवा! बंद करून ठेवा!” एवढं ओरडून राजसीनं फोन गाडीत फेकला, काचा लावल्या आणि ती वळली. कालव्याच्या बाजूच्या पाणंदीवर धुळीचा लोट उठलेला होता. ती वाट जवळची. मोटरसायकल तिकडूनच येते.

ती धावली. शेजारच्या शेतात पाण्याचं इंजिन धडधडत होतं. तिला आपलाच आवाज ऐकू येईना. लांबून दिसलं ते असं: निनाद मोटरसायकल आडवी टाकून विहिरीकडे पळाला, काठावर वाकला, हसला. दोन्ही हात वर करून काहीतरी म्हणाला. झालं, मिटलं, या वर, असंच काहीतरी. जावयाचा जीव होता अप्पांवर, ते कुणी नाकारणार नाही. स्वतःचे वडील लहानपणी गेलेले. हौसेनं पहिल्यांदा अप्पा म्हणाला तो याच विहिरीत पोहायला शिकताना.

राजसी काठाजवळ आली तेव्हा तो पायऱ्या उतरत होता. अप्पा पाण्यातून निघून खालच्या पायरीवर उभे होते, छाती पाण्याबाहेर, उघड्या हवेत.

“निनाद!” ती ओरडली. “फोन! फोन!”

त्यानं वळून वर पाहिलं. इंजिनाच्या आवाजात त्याला एवढंच ऐकू गेलं. त्यानं पँटच्या खिशावर थोपटून दाखवलं: आहे, आहे, हरवला नाही. आणि अप्पांना वर घ्यायला हात पुढं केला.

अप्पांनी तो हात धरला.

दोन-तीन श्वास गेले असतील. अप्पा काहीतरी बोलत होते, “अरं, हिला झालंय तरी काय...” एवढं राजसीला ऐकू आलं. मग त्यांचं बोलणं थांबलं. डोळे उघडेच होते, चेहऱ्यावर वैताग नाही, दुखणं नाही, काहीच नाही. निनादच्या हातातून त्यांची ओली बोटं निसटली आणि ते मागच्या मागं पाण्यात गेले.

पाण्यानं त्यांना आवाज न करता आत घेतलं.

निनाद दगडासारखा उभा राहिला. राजसी काठावरून पायऱ्यांपर्यंत पोचायच्या आत विहिरीत ‘धप्’ असा मोठा आवाज झाला. छबूताईंनी कडेचा दगड सोडला होता. पाठीवरच्या डब्याची दोरी त्यांनी हिसडून काढली होती, कारण डबा बांधून खाली जाता येत नाही, हे त्यांना शिकवलेलं होतं. त्यांनी बुडी मारली. बाकीच्या बायका ओरडायला लागल्या. पाणी हिरवं आणि गढूळ झालं, वर काही दिसेना.

मग छबूताई वर आल्या, खोकत, नाकातोंडातून पाणी टाकत, आणि त्यांच्या डाव्या हातात अप्पांची हनुवटी होती. मागून धरलेली. तोंड आभाळाकडे, बरोबर शिकवलं होतं तशी.

“धरा गं!” त्या कशाबशा म्हणाल्या. “डबं आना हिकडं!”

बायकांनी कडं केलं. डब्यांवर अप्पांचं अंग तरंगलं. राजसीनं कपड्यांसकट उडी टाकली आणि पोहत जाऊन त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. अंग इतक्यातच गार पडत चाललं होतं. नाकातून थोडंसं पाणी आलं. ओठ निळसर होते. श्वास आहे की नाही, तिला कळेना.

“गेलं व्हय गं?” छबूताईंनी रडत विचारलं.

“झोपलेत,” राजसी म्हणाली. “झोपलेत. हलवू नका.”

हे खरं असेल तर काळीज मिनिटाला चार-दोनदा हलत असणार. तिनं दोन बोटं त्यांच्या गळ्याच्या शिरेवर ठेवली. काही नाही. बोटं जरा वर सरकवली. काही नाही. मग आत कुठंतरी एक टोला पडला, इतका हळू की तिला तो आपल्याच बोटातला वाटला.

वर निनाद फोनवर ओरडत होता. आता फोन जवळ असून काही बिघडणार नव्हतं. कुपी एकच असते आणि ती रिकामी झाली होती. “सासरे आहेत माझे! हो, राखणच! काय? दोन्ही? मग मिरजेत? मग कुठं?” त्याचा आवाज फुटला. सकाळपासून झोपलेली माणसं सांगलीच्या दोन्ही यंत्रांवर होती, आणि बाहेर बाकांवर आणखी होती. कोल्हापूरहून एक यंत्र निघालं आहे, रांगेत नाव घालतो, गाडी पाठवतो, असं पलीकडचा माणूस सांगत होता. गाडी कधी, ते सांगत नव्हता.

निनाद पायऱ्यांवर खाली आला, पाण्याच्या कडेला गुडघे टेकून बसला आणि दोन्ही हात पुढं केले. पाण्यात उतरायचं धाडस त्याला होईना. राजसीनं त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं त्याच्यावर ओरडावं, ज्या तोंडानं अप्पा म्हणतोस त्या तोंडात मारावं. पण त्यासाठी गळ्यावरची बोटं उचलावी लागली असती.

“राजसी,” तो म्हणाला. “आहेत ना गं?”

तिनं बोटं तिथंच ठेवली. खोटं सांगायचं नव्हतं आणि खरं अजून तिलाच माहीत नव्हतं. बायका डबे धरून तरंगत होत्या. शेजारचं इंजिन कुणीतरी बंद केलं.

“सांग की गं. आहेत का?”

ती थांबली. कितीतरी थांबली. मग बोटांखाली शीर एकदा उचलली.

“आहेत,” ती म्हणाली आणि पुढच्या ठोक्याची वाट बघू लागली.